सुट्टी आपली, गर्दी सगळ्यांची

(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने निमंत्रण देतानाच बजावले होते, "बाई, या वेळी काहीतरी उपयोगाचं बोला." त्यामुळे मी आज संस्कृती, संस्कार, पिढ्यांमधले अंतर असे मोठे विषय बाजूला ठेवले आहेत. आजचा विषय आहे, सुट्टीत मुलांना वंडरला, इमॅजिका अशा करमणूक उद्यानांत न्यायचे असेल तर गर्दीचा हिशेब कसा करायचा. हसू नका. बोलता बोलता संस्कार आणि पिढ्या आपोआप त्यात येतील.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो. चार माणसांच्या कुटुंबाने बेळगावहून बंगळूरुला किंवा खोपोलीला जायचे म्हणजे प्रवास, मुक्काम, तिकिटे, जेवण मिळून खर्च चांगलाच होतो. तो वर्षातून एकदाच झेपतो. पैशांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे दिवस. नोकरी-धंद्यातल्या आई-वडिलांना, शिकवण्यांना जाणाऱ्या मुलांना आणि गुडघे धरलेल्या आजी-आजोबांना वर्षात एकत्र मिळणारे मोकळे दिवस किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला एक अख्खा दिवस आपण लोखंडी कठड्यांच्या मध्ये, पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत घालवला, तर नुसते तिकीट वाया गेले असे म्हणून भागणार नाही.

तशी आपली माणसे गर्दीला नवखी नाहीत. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचे असले की आपल्या घरातली कोणतीही बाई सांगेल, "मंगळवार-शुक्रवार नको, पौर्णिमा तर नकोच, मधल्या वारी जाऊ." जोतिबाला रविवार आणि चैत्र पौर्णिमा टाळून जाणारे कितीतरी जण इथे बसले आहेत. पावसाळ्यातला आंबोलीचा रविवार एकदा पाहिलेला माणूस पुढच्या वेळी गुरुवार शोधतो. देवाच्या आणि धबधब्याच्या बाबतीत आपण इतके शहाणे. मग करमणूक उद्यानाला मात्र दसऱ्याच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीतला नेमका रविवारच का निवडतो? कारण त्याला आपण 'मजा' समजतो, आणि मजेला कसले नियोजन, असे आपल्याला वाटते.

आपल्याच गावातले एक उदाहरण सांगते. १९२४ च्या डिसेंबरमध्ये बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले असे ते एकमेव अधिवेशन. तारखा होत्या २६ आणि २७ डिसेंबर. नाताळच्या आठवड्यातच का? कारण काँग्रेसची अधिवेशने त्या काळी बहुधा याच आठवड्यात भरत. वकील, शिक्षक, नोकरदार यांना तेव्हाच सुट्टी असे. म्हणजे ती शुद्ध सुट्टीची गर्दी होती. पण गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती येण्याआधी तिचा विचार केला. टिळकवाडीच्या बाजूला 'विजयनगर' नावाची वसाहत उभी केली, आणि एवढ्या लोकांना पाणी लागणार म्हणून विहीर खोदली. तीच आपली काँग्रेस विहीर, तेव्हाचे नाव पंपा सरोवर. डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक व्यवस्थेला होते.

याच्या उलट चित्र बघा. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. आजच्या सगळ्या करमणूक उद्यानांचे ते मूळ पीठ. पहिल्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता, पण बनावट तिकिटे निघाली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे आत शिरली. उकाडा इतका की नुकतेच घातलेले डांबर मऊ झाले. त्यात नळकाम करणाऱ्यांचा संप होऊन गेलेला. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहे यांतले एकच वेळेत पूर्ण होणार होते, म्हणून स्वच्छतागृहे निवडली गेली. लोक पाण्यासाठी तडफडले. पैसा, कल्पना, यंत्रे यांत डिस्नेलँड पुढेच होते. पण माणसे येण्याआधी पाण्याची विहीर खोदून ठेवण्याचे शहाणपण एकतीस वर्षे आधी बेळगावने दाखवले होते. सहलीला निघताना आपल्यालाही तेच करायचे आहे.

आता मुद्द्याकडे वळते. गर्दी म्हणजे काय? सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी असणे. आणि इथे आपल्या सीमाभागातल्या माणसांना एक गोष्ट आयती मिळालेली आहे, जिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आपण दोन राज्यांच्या सुट्ट्यांमध्ये राहतो. आपल्या भिंतीवर कालनिर्णय महाराष्ट्राचे असते आणि मुलांच्या दप्तरातले सुट्ट्यांचे पत्रक कर्नाटकाचे. या दोन्हींत फरक आहे, आणि हा फरक म्हणजेच कमी गर्दीचा दिवस.

नीट बघा. कर्नाटकच्या राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते आणि मे महिन्याच्या अखेरीस शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रात सुट्टी मे महिन्याच्या सुमारास लागते आणि शाळा जूनच्या मध्याला उघडतात. कर्नाटकात मोठी सहामाही सुट्टी दसऱ्याला असते, दोन-अडीच आठवड्यांची. महाराष्ट्रात दसऱ्याचा एक दिवस, आणि मोठी सुट्टी दिवाळीला. आता याचा उपयोग कसा करायचा ते सांगते.

खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. तिथली गर्दी मुंबई-पुण्याची. मुंबई-पुण्याची मुले शाळेत असतात आणि आपली मुले घरी असतात, असे दिवस कोणते? एक, आपल्या दसऱ्याच्या सुट्टीतले सोमवार ते गुरुवार. दोन, एप्रिलचा दुसरा पंधरवडा, जेव्हा महाराष्ट्रात परीक्षा चालू असतात. उन्हाचा त्रास नको असेल तर दसऱ्याचा काळ उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, घाट हिरवा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये खोपोलीला जाऊ नका. तिथला पाऊस तुम्ही जाणताच. जोराच्या पावसात उघड्यावरचे मोठे पाळणे बंद ठेवावे लागतात.

बंगळूरुचे वंडरला म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ आहे, २००५ पासून. तिथली गर्दी कर्नाटकची, म्हणजे आपल्याच मुलांच्या सुट्टीची. दसऱ्याला तर सगळे राज्य म्हैसूरच्या रस्त्याला लागलेले असते. म्हणून आपल्या दसऱ्याच्या सुट्टीत दक्षिणेकडे न जाता उत्तरेकडे जावे. पण तुमची नातवंडे पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत शिकत असतील, तर त्यांना घेऊन वंडरलाला जायचा काळ म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. कर्नाटकातल्या शाळा भरलेल्या, महाराष्ट्रातली मुले मोकळी, आणि बंगळूरुची हवा छान. दिवाळी होऊन गेल्यावर महाराष्ट्राच्या सुट्टीचे जे दिवस उरतात, तेही चांगले.

एकेका दिवसाच्या सुट्टीतही हा फरक आहे. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी महाराष्ट्रात असते, इथे नसते. कनकदास जयंती आणि वाल्मिकी जयंतीला इथे सुट्टी, तिकडे कामाचा दिवस. १ नोव्हेंबरही तसाच. पण तो दिवस आपल्याकडे वेगळ्या कारणाने पाळला जातो, आणि तो आजचा विषय नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी मात्र देशाच्या सुट्ट्या. त्या शनिवार-रविवारला लागून आल्या की द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. त्या दिवशी घरी बसून पुरणपोळी खाणे हीच सहल.

निपाणीच्या एका पालकांनी मला एकदा विचारले होते, "बाई, पोराची शाळा दोन दिवस बुडवली तर चालंल काय? मधल्या वारी गर्दी नसते म्हणं." मी आयुष्यभर हजेरी घेतलेली बाई, माझे उत्तर ठरलेले. शाळा बुडवायची गरज मुंबईच्या माणसाला पडेल, आपल्याला नाही. आपल्याला मधले वार सरकारने सुट्टीतच दिले आहेत. एकदा फिरायला म्हणून शाळा बुडवली की मुलगा पुढच्या वेळी लग्नासाठी, मग क्रिकेटसाठी बुडवायला शिकतो.

पण यात एक अडचण आहे, आणि ती खरी अडचण आहे. मुलांना राइडपेक्षा भावंडे जास्त हवी असतात. बेळगावच्या मुलीला पुण्याच्या मामेबहिणीबरोबरच जायचे असते. आणि या दोघींची सुट्टी एकत्र कधी येते? मे महिन्यात. म्हणजे दोन्ही राज्ये मोकळी, आणि दोन्हीकडच्या उद्यानांत मुंगीला जागा नाही. नात्यांचा दिवस आणि गर्दीचा दिवस एकच येतो. याला माझे उत्तर असे, की भावंडांच्या एकत्र दिवसांत जिथे रांग लागत नाही अशा जागी जावे. शेतावर जावे, कोकणात जावे, आजोळच्या अंगणात लोळावे. निपाणीपासून जवळच कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. बलुतेदार, शेतकरी, जुने गाव, सगळे माणसाच्या आकाराच्या पुतळ्यांतून उभे केले आहे. तिथेही गर्दी होते, पण ती चालती असते. दोन मिनिटांच्या गमतीसाठी दीड तास उभे राहावे लागत नाही. पाळण्याचे उद्यान ज्याच्या त्याच्या मोकळ्या हंगामासाठी ठेवावे. आणि मे महिन्यातच जायचे ठरले, तर मंगळवार-बुधवार धरावा. यल्लम्माच्या उलट.

दिवस ठरला की लगेच आरक्षण. निपाणीकरांना गावात रेल्वे नाही, त्यामुळे त्यांना बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरज गाठावे लागते. बेळगावहून बंगळूरुला राणी चन्नम्मा आणि रात्रीच्या इतर गाड्या आहेतच. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही सुरू झाली आहे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. हा आकडा आपल्या पंचांगावर बसवून बघा. गणेश चतुर्थीपासून दसरा साधारण छत्तीस दिवसांवर असतो. म्हणजे दसऱ्याचे आरक्षण श्रावणातच उघडते. लक्ष्मीपूजन चतुर्थीपासून साधारण पंचावन्न दिवसांवर. म्हणजे दिवाळीचे आरक्षण नेमके गणपतीच्या मखराची तयारी चालू असते त्या आठवड्यात उघडते. आपण थर्माकोल नको, कापडच हवे यावर वाद घालत असतो आणि तिकडे शायिका संपत असतात. तेव्हा मखराच्या यादीतच एक ओळ वाढवा, 'दिवाळीची तिकिटे'. बसने जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आहे. फार चांगली गोष्ट. पण शनिवार-रविवारी बसस्थानकावर त्याप्रमाणे वेळ हाताशी ठेवून जावे.

आता थोडे गणित. शिक्षिकेकडून भाषण ठेवले आहे, तेव्हा गणित सहन करावे लागेल. जॉन लिटल नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ मध्ये रांगेचा एक साधा नियम सिद्ध केला. तो आपल्या भाषेत असा: तुमच्या पुढे किती माणसे आहेत याला दर तासाला किती माणसे आत जातात याने भागा, तुमचा थांबण्याचा वेळ मिळतो. समजा एका पाळण्यात वीस जण बसतात आणि तो दर तीन मिनिटांनी सुटतो. तासाला वीस फेऱ्या, म्हणजे चारशे माणसे. तुमच्यापुढे तीनशे जण असतील तर पाऊण तास. सहाशे असतील तर दीड तास. उद्यान आठ तास उघडे आहे असे धरले आणि प्रत्येक राइडला दीड तास लागला, तर जेवणखाण, चालणे वगळता दिवसात चार-पाच राइड होतात. पंधरा मिनिटे लागली तर वीसपर्यंत जाता येते. तिकीट तेच, उद्यान तेच, फक्त वार बदलला.

मुलांना हे गणित तिथेच करायला लावा. घड्याळ लावून पाच मिनिटांत किती माणसे आत गेली ते मोजायचे, पुढची डोकी अंदाजाने मोजायची आणि भागाकार करायचा. रांगेतली चिडचिड कमी होते, आणि "अजून किती वेळ?" या प्रश्नाचे उत्तर पोर स्वतःच देते. उत्तर तासाच्या वर आले, तर सरळ दुसरीकडे जायचे.

त्या दिवसाचा क्रमही ठरवून ठेवा. दार उघडण्याआधी अर्धा तास दारात हवे. त्यासाठी आदल्या रात्री जवळ मुक्काम करावा. खोपोलीला जायचे तर पुण्यात; पुण्यात आपल्यापैकी कोणाचा नातेवाईक नाही? रात्रभर प्रवास करून थेट उद्यानात उतरू नका; मुले अकराच्या सुमारास रडायला लागतात. आत गेल्यावर सगळे लोक दारातल्या पहिल्या पाळण्यापाशी थांबतात. आपण नाकासमोर चालत सर्वांत मागच्या टोकाला जायचे आणि तिथून उलटे यायचे. ज्याच्यासाठी मुलगा वर्षभर थांबला आहे, ती राइड पहिल्या तासात उरकायची. एकच्या सुमारास सगळे जेवायला जातात; आपण बाराच्या आत जेवून घ्यायचे आणि त्या वेळात पाळणे गाठायचे. शेवटचा तासही चांगला. लांबून आलेले लोक तोवर परतीच्या बसकडे निघालेले असतात.

घरातच दोन कामे करून जा. मोठ्या राइडना उंचीची अट असते आणि मुलाचे तिकीटही बऱ्याच ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरते. दाराच्या चौकटीपाशी मुलाला उभे करून पेन्सिलने खूण करा, आणि उद्यानाच्या संकेतस्थळावर काय लिहिले आहे ते वाचा. रांगेत तासभर उभे राहून दोन बोटांनी उंची कमी भरली म्हणून परत फिरलेले पोर बघवत नाही. दुसरे, पाण्याच्या खेळांना सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनसारखा पोहण्याचा पोशाख लागतो. साडीवर पाण्यात सोडत नाहीत. हे बायकांना आधीच माहीत असावे, म्हणजे ऐनवेळी तिथे भाड्याच्या कपड्यांच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. बाहेरचे खाणे बहुधा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कुंदा आणि चिवडा प्रवासातच संपवा.

पैसे देऊन पुढे जाण्याची सोय आता बहुतेक मोठ्या उद्यानांत आहे. डिस्नेने १९९९ मध्ये वेळ राखून ठेवण्याची चिठ्ठी सुरू केली, ती फुकट होती. २०२१ पासून त्यासाठी पैसे पडतात. आपल्याकडेही जलद रांगेचे वेगळे, महागडे तिकीट मिळते. ते घ्यावे का? माझे मत विचाराल तर, चुकीच्या दिवशी गेल्याचा तो दंड आहे. मधल्या वारी गेलात तर त्याची गरज पडत नाही. पण घरात आजारी माणूस असेल, वर्षात तो एकच दिवस मिळाला असेल, तर तो दंड भरायला संकोच करू नये. फक्त मुलाला एक सांगावे, की हे तिकीट म्हणजे आपण मोठे आणि बाकीचे लहान असे नाही.

आता मला मनापासून जे सांगायचे आहे ते सांगते. प्रत्येक सहलीत एक माणूस असे असते, जे बाकावर बसून बॅगा राखते. ते माणूस बहुतेक वेळा आजी असते. "मला कुठं त्या पाळण्यात बसायचंय, तुम्ही जा," असे ती म्हणते आणि आपण ते खरे मानून जातो. कमी गर्दीच्या दिवशी आपण अर्ध्या तासाने परत येतो. गर्दीच्या दिवशी दोन तासांनी. मांडीवर चपलांची पिशवी, हातात नातवाचा चष्मा, पाण्याची बाटली संपलेली, आणि स्वच्छतागृहाला जायचे तर बॅगा कोणाकडे द्यायच्या, हा प्रश्न. सुट्टीच्या गर्दीत सर्वांत आधी म्हातारी माणसे बाजूला पडतात, आणि ती तक्रारही करत नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे. आजी-आजोबांना न्यायचे तर बॅगा राखायला नेऊ नका. सामानासाठी लॉकर भाड्याने मिळतो, तो घ्या. बाकावर बसण्याची पाळी लावा, त्यात मुलगा-सूनही आले आणि कॉलेजातला नातूही आला. सगळ्यांना जमेल अशा दोन-तीन गोष्टी दिवसात ठेवा. छोटी आगगाडी असते, खेळ-नाटुकली असतात, सावलीत बसून खाणे असते. आणि त्यांना खरोखर झेपणार नसेल, तर स्पष्ट विचारा आणि त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. त्यांना कणेरीला न्या, नृसिंहवाडीला न्या. त्या दिवशी मुलांनी त्यांच्यासाठी थांबावे.

गर्दीचा धोकाही सांगायलाच हवा. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास माणसे गेली. ४ जून २०२५ रोजी बंगळूरुला क्रिकेटच्या मैदानाबाहेर विजयोत्सवात अकरा जण गेले. या दोन्ही ठिकाणी लोक आनंदाने, श्रद्धेने आले होते. गर्दी ज्या ठिकाणी अरुंद होते ते धोक्याचे, म्हणजे दार, जिना, उतार, पूल. अशा जागी थांबून फोटो काढू नका. पडलेली चप्पल उचलायला वाकू नका. छातीशी हात हलवता येणार नाही इतकी दाटी झाली, तर लोटाविरुद्ध जोर न लावता तिरके सरकत कडेला या. लहान मुलाला कडेवर घ्या. मुलाच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि आत शिरल्याबरोबर 'चुकलो तर इथे भेटायचे' अशी एक जागा ठरवायला हवी. गर्दीत फोन लागेलच असे नाही. आपल्या जत्रांत म्हातारी माणसे म्हणत, "चुकलात तर दीपमाळेखाली थांबा." तीच रीत.

इथल्या अनेकांची मुले परदेशात आहेत. तुम्ही तिकडे सहा महिने जाता तेव्हा मुले हौसेने डिस्नेला नेतात. त्यांनाही हाच हिशेब सांगा. नाताळ ते नववर्ष हा तिकडचा सर्वांत गर्दीचा आठवडा. ४ जुलै, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधल्या वसंताच्या सुट्ट्याही गर्दीच्याच. तिकडच्या शाळा उघडल्यानंतरचा सप्टेंबर सुटसुटीत. तुमच्यासाठी आणि शाळेत न जाणाऱ्या नातवासाठी तो चांगला. आणि चाकाची खुर्ची मागायला लाजू नका. त्या उद्यानांत एका दिवसात काही मैल चालणे होते.

शेवटी एकच. आषाढीला पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणारे असतात, काही मुखदर्शन घेऊन निघतात, आणि कितीतरी वारकरी नुसते कळसाला हात जोडून समाधानाने परततात. पण वारकऱ्याचे उभे राहणे हीच भक्ती असते, तिथे थांबलेला वेळ वाया जात नाही. पाळण्याच्या रांगेत तो वायाच जातो. तेव्हा वारकऱ्याकडून आपण उभे राहणे घेऊ नये, कळसदर्शन घ्यावे. तिकिटाचे पैसे दिले म्हणून प्रत्येक राइड झालीच पाहिजे, हा हट्ट सोडावा. चार गोष्टी नीट झाल्या, मुले हसली, आजीच्या पायांना गोळे आले नाहीत, तर सहल झाली असे समजून वेळेवर गाडीत बसावे.

आज घरी गेलात की एक करा. मुलांचे सुट्ट्यांचे पत्रक आणि भिंतीवरचे कालनिर्णय शेजारी शेजारी ठेवा, आणि मुलांनाच पेन्सिल द्या. जिथे आपली सुट्टी आहे आणि त्यांची नाही, त्या तारखांना गोल करायला सांगा. दोन राज्यांच्या मध्ये राहिल्याने आपल्या वाट्याला जे काही आले आहे, त्यातले हे एक तरी पदरात पाडून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!